तळटीप : ‘घटना म्हणजे शेवटी कागदच’ या विधानाविषयी

लेखकाने येथे दिलेला आणीबाणीचा दाखला खरा आहे. निष्कर्ष मात्र घाईचा. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात चार विरुद्ध एक मताने ठरवले, की आणीबाणीतील स्थानबद्धाला सुटकेसाठी बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटेच विरोधात गेले आणि पुढे सरन्यायाधीशपदाला मुकले. घटना जागच्या जागी होती, तरी तिने कोणालाही वाचवले नाही, हे मान्यच करायला हवे. पण चूक पुढे दुरुस्त कशी झाली, हेही पाहावे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० व २१ स्थगित करण्याची वाट बंद केली, ‘अंतर्गत अशांतते’च्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आणले, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये असे बंधन घातले. (१९७५ साली मंत्रिमंडळाला घोषणेनंतर विचारले गेले होते.)

यावर कोणी म्हणेल, श्रेय १९७७ च्या मतदारांचे, घटनेचे नव्हे. ते खरेच; पण रागाचे मतात आणि मताचे कायद्यात रूपांतर व्हायला ठरलेली वाट लागते, आणि ती वाट घटनेचीच होती. न्यायालयातही चूक पुढे मान्य झाली : १९७६ च्या निकालातील बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालात लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव.