वऱ्हाडचा कापूस आणि गोदावरीतले खडक

नकाशावर बोट फिरवून पाहा. अकोल्याची पूर्णा पश्चिमेला तापीकडे जाते. अमरावतीच्या सीमेवरची वर्धा मात्र प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. तिथला कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई. जलमार्ग रेल्वेपेक्षा स्वस्त, असे इंजिनिअर आर्थर कॉटन (आडनावही कापूसच!) आग्रहाने सांगत.

अडचण खडकांची होती. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथे नदी खडकांवरून कोसळते. ठेंगण्या पुलाखालून जाताना पाणी चढले की नावेचे टप अडते. खडकांवरून जाताना पाणी उतरले की तळ घासतो. इथे उन्हाळ्यात पाणी नाही आणि पुरात ओढ अशी, की नाव वर चढेना. म्हणून कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली बंधारे आणि वळसा घालणारे कालवे सुरू झाले. कालव्यात दोन दरवाजांमधल्या हौदात पाणी भरायचे, की नाव आपोआप वर उचलली जाते.

पण १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रुळांना ऋतू नव्हता. १८७१ मध्ये नदीवरचे काम अर्धवट सोडण्यात आले. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळला तो वळलाच.