हुजूर दप्तराची शिस्त

पानिपत आणि खर्डा यांच्या रणभूमींना मराठी इतिहासात जो मान मिळाला, त्याच्या शतांशही पुण्याच्या हुजूर दप्तराच्या वाट्याला आला नाही. तथापि पेशव्यांच्या विस्तीर्ण दौलतीचा वसूल कोणत्या महालातून किती यावयाचा आणि कोणाच्या सरंजामात वळता व्हावयाचा, हे कागद काढून सांगता येईल असे एकच स्थळ होते, ते हे दप्तर. आणि तेथील अनाम कारकुनांच्या कर्तृत्वाला मी शिलेदारांच्या कर्तृत्वाहून कमी लेखीत नाही.

दप्तराच्या शाखा अनेक, पण प्रमुख दोन. एकबेरीज दप्तराचा मुक्काम कायम पुण्यास असे व सर्व खात्यांचे हिशेब तेथे वर्गवार लावले जात. चालते दप्तर फडणिसांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असून नित्याच्या कारभाराचे सारे कागद त्यातून जात. त्यातील फडावर सनदा व हुकूम तयार होऊन रोजकीर्द लिहिली जाई, बेहेड्याच्या कारकुनांकडे गावांच्या व महालांच्या हिशेबांवरून मुलुखाच्या जमाखर्चाचा मेळ घालण्याचे काम असे, आणि सरंजाम व दुमाला जमिनींचा हिशेब तिसऱ्या शाखेत राही.

एखाद्या देवस्थानास इनाम देण्याचा हुकूम झाला, तर त्या कागदाचा प्रवास कसा होई, हे पाहण्यासारखे आहे. कारकून जुन्नरी वा दौलताबादी कागदावर प्रथम आडवी रेघ ओढी आणि मग बोरूने मोडी अक्षरे तिच्याखाली उतरवी. मजकूर लांबला तर बंदाला बंद चिकटवून त्या जोडावर शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा बदलण्याची सोय उरत नसे. कालनिर्देश शुहूर सनाचा, मृगापासून सुरू होणाऱ्या वर्षाचा : ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६५, अर्थात इसवी १७६४-६५. शेवटी ‘मोर्तब सूद’ झाले आणि दप्तरी नोंद होऊन ‘बार’ पडला, म्हणजे मूळ सनद इनामदाराच्या घरी जाई, पण तिचा दाखला सरकारात राही. पुढे रोजकिर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तर्जुमा म्हणजे जमाखर्चाचा गोषवारा आणि वर्षाखेर ताळेबंद, अशा पायऱ्यांनी तीच रक्कम वर चढत असल्यामुळे कोणत्याही आकड्याचा माग त्याच्या मूळ दिवसापर्यंत काढता येई. कागद जपला जाई तो भावी इतिहासकारासाठी नव्हे. उद्या त्याच महालाचा वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदार, हिशेब घेऊन उभा राहणार आणि त्याचा शब्द ताडून पाहावा लागणार, म्हणून. या व्यवस्थेचे खरे बळ मला या नित्याच्या गरजेत दिसते.

१७६३ साली निजामअलीच्या फौजेने पुणे जाळले, तेव्हा कागदपत्रांचाही संहार झाला. त्यानंतर माधवरावांच्या कारकीर्दीत आणि पुढे नाना फडणिसांच्या हाताखाली दप्तराला जी घडी बसली, ती या राज्याने उभारलेल्या उत्तम वस्तूंपैकी एक होय. त्या काळी हुजूर दप्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत होते. १८०० मध्ये नाना वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत इतक्या परिश्रमाने राखलेले दप्तर अनास्थेने उघडे पडले. कारकुनांचा बंदोबस्त जवळजवळ मोडला, लोकांनी कागद घरी नेले तरी कोणी हरकत घेईना. आगीने झालेला नाश समजू शकतो. पण धन्याच्या देखत, शांततेच्या काळात झालेली ही नासाडी क्षम्य वाटत नाही.

१८१८ नंतर इंग्रजांनी उरलेले कागद एकत्र केले, तेही प्रथमतः स्वतःच्या वसुलासाठी. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन इनामदारांकडे पुरावा मागू लागले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्काचे भवितव्य एखाद्या जुन्या नोंदीवर येऊन ठेपले, आणि फडावरच्या अज्ञात कारकुनाने वेळच्या वेळी केलेल्या चार ओळी कुटुंबाचे अन्न राखण्यास समर्थ ठरल्या. पुढे १८९१ साली या संग्रहासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत झाली. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशीतले उतारे निवडले, आणि १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ‘पेशवे दप्तरा’तील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

तरी तीस हजारांहून अधिक रुमालांपैकी, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपैकी, फार थोडे छापले गेले आहे. प्रांत अजमास, घडणी, पागा अशीच त्या रुमालांची नावे असल्याने आपल्या गावचा वृत्तांत शोधणाऱ्याला आजही मोडी वाचता येऊन भागत नाही. ते गाव त्या साली कोणत्या प्रांतात व कोणाकडे सरंजामास होते, हे आधी हुडकावे लागते, आणि मगच कोणता रुमाल सोडावयाचा ते ठरते.