घाटाचा राजा आला कुठून?

ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्याआधी मुंबईहून सडकेने पुण्याला निघालेला माणूस कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करत ठाणे गाठायचा आणि तिथून मुंब्रा, शीळ, पनवेल अशी वाट धरायचा. उपनगरातल्या या पट्ट्यात दम लागेल असा चढ नाही. पनवेलच्या पुढेही बराच वेळ रस्ता सपाटच राहतो. मग खोपोली येते आणि सह्याद्री समोर उभा ठाकतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत फुटते ती इथे.

या शर्यतीत पुण्याला पहिला पोचणाऱ्याचा मान असतोच, पण खोपोलीच्या वरचा बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याचा मान वेगळा. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत कोण जिंकणार याइतकीच घाटाचा राजा कोण होणार याची चर्चा होते. या किताबाची मुळे शोधायची तर आधी रस्त्याकडे पाहावे लागते.

१८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने लष्कराच्या तोफा वर नेण्यासाठी बोरघाटातली वाट सुधारून घेतली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कमच्या हस्ते गाडीरस्ता खुला झाला. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याचा जीव गेला, ही कथा या भागात सर्वांना ठाऊक आहे. त्याचे देऊळ खोपोलीच्या वरच्या चढावर आहे आणि ट्रकवाले तिथे आजही नाणे टाकून पुढे जातात. सायकलवाल्यांच्या तोंडी तर या चढाचे नावच शिंगरोबा.

तोफा, बैलगाड्या आणि टपालाचे टांगे यांच्यासाठी आखलेला हा चढ नुसत्या पायांच्या जोरावर चढून जाण्याची हौस मुंबईत आली ती प्रामुख्याने पारशी व्यायामशाळांतून आणि क्लबांतून. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण ऑक्टोबर १९२३ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल संघातही आदी हवेवाला, जहांगू अमीन, रोहिंटन नोबल अशी नावे दिसतात.

डोंगरमाथ्यावर पहिला पोचणाऱ्याला वेगळा मान देण्याची कल्पना मात्र युरोपातली. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली आणि १९०५ मध्ये तिने बालों दाल्सासचा मोठा चढ घेतला. १९१० मध्ये संयोजकांनी शर्यत थेट पिरेनीजमध्ये नेली. २११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड, कच्चा रस्ता, जड सायकली. ऑक्ताव्ह लापीझने त्या दिवशी संयोजकांना तोंडावर ‘खुनी’ म्हटले, आणि तो टप्पाही त्यानेच जिंकला. डोंगराच्या राजाचा अधिकृत मान मात्र १९३३ मध्ये आला आणि पहिला मानकरी ठरला स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा. हा छोटा, हलका गडी चढावर सर्वांना मागे टाकायचा आणि उतारावर पकडला जायचा. माथ्यावर पहिला येणे आणि शेवटी पहिला येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी दाखवले नसेल.

बोरघाटातही नेमके हेच घडते आणि त्याचे कारण हवेत आहे. सपाटीवर ताशी चाळीसच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकाला चाक लावून जाणाऱ्याची तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त मेहनत वाचते. म्हणून मुलुंड असो की पनवेल, तिथे एकट्याने पळून जाणाऱ्याला जथा सहसा गिळतो. शिंगरोबाच्या चढावर वेग पंधराच्या आसपास येतो, हवेचा अडथळा जवळपास संपतो आणि उरते ती शरीराचे वजन आणि फुफ्फुसे यांची लढाई. खोपोली शंभर मीटरच्याही खाली आणि लोणावळा सव्वासहाशेच्या घरात. हलका गडी खोगिरावरून उठतो, दोन-तीनदा जोर मारतो, मागे बघतो. जो टिकला तो सोबत, बाकीचे वळणाआड.

पण पुणे अजून साठेक किलोमीटर दूर असते. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड अशी मोकळ्या पठारावरची सडक, आणि तिथे पुन्हा हवेचे राज्य. एकटा राजा पुढे आणि मागे आलटून पालटून पुढाकार घेत येणारे दहा जण, असा सामना झाला की राजा बहुतेकदा हरतो. पळून गेलेले तीन-चार जण एकमेकांना खरोखर साथ देतात तेव्हाच त्यांची आघाडी टिकते. त्यात एखादा स्प्रिंटवाला मागे नुसता बसून राहिला, तर इतर वैतागून हात आखडता घेतात आणि जथा येऊन पोचतो. सायकल शर्यतीतले खरे राजकारण हेच. मला विजेत्याच्या शेवटच्या दोनशे मीटरपेक्षा घाटातला तो एक निर्णय मोठा वाटतो, कारण पुढे काय होणार हे माहीत असूनही तो घेतलेला असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. सायकलला तिथे मज्जाव आहे, पण वाहनांचा मोठा भार तिकडे वळल्याने जुना घाट थोडा मोकळा झाला. अंधेरी-बोरिवलीचे सायकलवाले आज सरावाला राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंतची चढण घेतात. ती सहा-सात किलोमीटरची वाट बरी असली, तरी बोरघाटाची तयारी तेवढ्याने होत नाही. त्यासाठी खोपोलीच गाठावी लागते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय मानांकनाची अनेक टप्प्यांची शर्यत झाली. अशा शर्यतीत घाटात कमावलेली मिनिटभराची आघाडी पुढच्या दिवसाच्या हिशेबातही धरली जाते. मुंबई-पुण्यासारख्या एका दिवसाच्या शर्यतीतल्या राजाला ती सोय नसते.

तूरमालेच्या माथ्यावर आज लापीझच्या आठवणीचा सायकलस्वाराचा पुतळा उभा आहे. गालिबिये खिंडीत टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याचे स्मारक आहे. आपल्या घाटात मात्र जुनी खूण असलेला १८३० चा अमृतांजन पूलही २०२० मध्ये पाडला गेला. शर्यतीच्या संयोजकांना आणि रस्त्याचा कारभार पाहणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: शिंगरोबाच्या देवळाजवळ किंवा खंडाळ्याच्या माथ्यावर एक शिळा बसवा आणि तिच्यावर घाटाच्या राजांची नावे सालवार कोरा. घाटकोपर-मुलुंडपासून पुण्यापर्यंत ज्यांच्या घरात जुने चषक आणि पिवळी पडलेली कात्रणे आहेत, त्यांनी ती त्यासाठी बाहेर काढावीत.