पोटाच्या ठिगळाची गोष्ट : मच्छरदाणी ते डुकराची त्वचा

हर्नियासाठी जाळी बसवावी लागेल असे सांगितले, की रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, आत पू झाला तर?" हा प्रश्न सर्जन मंडळींनाही गेली कित्येक दशके पडलेला आहे. त्याचा इतिहास समजून घेतला, तर आज मिळणारे उत्तर पटायला सोपे जाते.

श्रीपूर परिसरात गळीत हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन चढणारी माणसे आपण पाहतो. वजन उचलताना, खोकताना, शौचाला जोर करताना पोटातला दाब वाढतो. पोटाच्या भिंतीत कमकुवत जागा असेल, तर तिथून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावते. हाच हर्निया. तो जुन्या ऑपरेशनच्या व्रणातूनही होतो.

टाके, चांदी आणि प्लॅस्टिक

इटलीच्या बासिनी यांनी १८८७ मध्ये जांघेतला हर्निया थर जोडून शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण विरलेले कापड ताणून शिवले, तर टाक्याजवळच पुन्हा फाटते. तिथे ठिगळच हवे. आधी चांदीच्या, मग टँटलम धातूच्या जाळ्या वापरून पाहिल्या. हालचालीने तारा तुटत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकची जाळी आणली आणि चित्र पालटले.

ही जाळी गरिबाला परवडेना. यावर एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातून आले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि २००३ मध्ये अनेक रुग्णालयांतील अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ही जांघेतल्या हर्नियाची, स्वच्छ ऑपरेशने होती.

जंतू असतील तर?

जंतू साधारण एक मायक्रॉनचा, तर त्याला गिळणारी आपली पेशी दहा मायक्रॉन किंवा त्याहून मोठी. जाळीचा धागा अनेक तंतू पिळून केलेला असेल, तर फटीत जंतू शिरतो, पण पेशी शिरू शकत नाही. चोर बोळात आणि पोलीस गाडी बाहेर, अशी स्थिती! म्हणूनच एकेरी तंतूच्या, मोठ्या छिद्रांच्या जाळ्या अधिक सुरक्षित ठरल्या.

तरीही दूषित जखमेत प्लॅस्टिकची भीती होतीच. त्यातून १९९० च्या दशकात जैविक ठिगळे पुढे आली. मानवी त्वचा, डुकराची त्वचा किंवा आतड्याचा थर घ्यायचा, त्यातल्या पेशी धुऊन काढायच्या आणि कोलॅजेनचा सांगाडा ठेवायचा. त्यात रुग्णाच्या रक्तवाहिन्या व पेशी वाढतील आणि नवी भिंत तयार होईल, ही अपेक्षा.

अपेक्षा पूर्ण झाली नाही. दूषित जखमेत डुकराच्या त्वचेचे ठिगळ लावलेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत २८ टक्क्यांना हर्निया पुन्हा झाला. २०२२ मध्ये अमेरिकेतील २५३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. स्नायूमागे बसवलेल्या प्लॅस्टिक जाळीत हर्निया परतण्याचे प्रमाण ५.६ टक्के, तर जैविक ठिगळात २०.५ टक्के होते. जखमेच्या तक्रारी जवळपास सारख्याच होत्या. किंमत मात्र १०५ डॉलरच्या जागी २१,५०० डॉलरच्या वर!

आपण काय लक्षात ठेवावे?

या अभ्यासात उघड पू असलेल्या जखमा नव्हत्या. तिथे आधी पू काढणे, जखम स्वच्छ करणे, साखर आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे आणि कायमची दुरुस्ती नंतर करणे, हा मार्ग बहुधा शहाणपणाचा असतो. जैविक ठिगळाला आजही काही निवडक रुग्णांत जागा आहे.

ऑपरेशनपूर्वी निःसंकोच विचारा : जाळी कशाची? आत्ताच बसवणे गरजेचे आहे का? खर्च किती? ठिगळ प्राण्याचे असेल, तर कोणत्या प्राण्याचे, हे जाणून घेण्याचा आणि नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि महागडे ठिगळ परवडत नाही म्हणून मन खट्टू करू नका. अनेक रुग्णांत साधी जाळीच जास्त टिकते.