भूकंप आणि भिंत : कोयना ते किल्लारी

दख्खनचे पठार म्हणजे अखंड कातळ, ते हलावयाचे नाही, असा पूर्वीच्या जाणकारांचा समज होता. भूकंपाचा विचार करून बांधकाम कसे करावे याची नियमावली भारतीय मानक संस्थेने १९६२ साली प्रथम काढली. तीतही या भागाला फारसा धोका धरलेला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला तो समज खोटा ठरला. सुमारे १८० माणसे दगावली. धरणास वरच्या अंगाला तडे गेले, पण ते उभे राहिले. १९७० च्या दुरुस्तीत कोयना चौथ्या क्षेत्रात गेली. लातूर-उस्मानाबादचा मुलूख मात्र सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, तीही बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली.

गावात दगडी काम निघाले की भिंत किती हात जाड धरायची, हा पहिला प्रश्न असतो. किल्लारीच्या भिंती जाडच होत्या. परंतु आतले व बाहेरचे तोंड वेगवेगळे रचलेले, मध्ये चिपा व माती, दोहोंना बांधणारा आरपार दगड क्वचित. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे टाकलेल्या पांढऱ्या मातीचा जड थर वर होताच. जमीन एकाएकी सरकते, वरचे वजन जागीच राहू पाहते आणि मधली भिंत ओढली जाते. जितके वजन अधिक तितकी ओढ अधिक. दगडमातीची भिंत भार सोसते, ताण सोसत नाही. तोंडे फुगली व सुटली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण उभे आणि भिंती तेवढ्या ढासळलेल्या, असे दृश्य होते.

त्याच किल्लारीत एक इमारत शाबूत राहिली. तिच्या दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना सलग सळई-काँक्रीटचा पट्टा होता. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसे या पट्ट्याने भिंतींना धरले. कोपरे फाकले नाहीत.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्या जागी वसली. उभ्या असलेल्या जुन्या घरांसाठी अभियंत्यांनी साधा इलाज सांगितला : माळवदावरची जादा माती उतरवावी, भिंतीत अंतराअंतरावर आरपार भोक पाडून दोन्ही टोकांना वाकविलेली सळई घालावी व काँक्रीट भरावे. खर्च थोडा, काम गवंड्याला जमण्यासारखे.

२००२ साली नियमावलीतील पहिले क्षेत्र रद्द झाले व किल्लारी तिसऱ्यात गेली. नकाशा बदलावयास नऊ वर्षे लागली.