बेसबॉल कार्डे, हौशी
छापील मालिकांत कधीच न आलेली बेसबॉल खेळाडूंची कार्डे स्वतः रचण्याचा, मुख्यतः अमेरिकेत रुजलेला छंद. त्याला चालना मिळते ती बहुधा छापील मालिकांतील उणिवांतून. उदाहरणार्थ, अशी कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीची १९५२ ची मालिका साय बर्गर व वुडी गेल्मन यांनी आखली. खेळाडूचे मोठे रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, सहीची प्रतिकृती आणि मागे कामगिरीचे आकडे ही तिची मांडणी पुढे आदर्श ठरली. पण स्टॅन म्यूझिअल व टेड विल्यम्स हे त्या काळचे थोर फलंदाज तिच्यात नाहीत. अशा रिकाम्या जागा हौशी कलावंत त्याच शैलीत भरतात. कृष्णधवल छायाचित्र रंगवणे, त्या काळच्या वळणाची अक्षरे जुळवणे याला कसब लागतेच. त्याहून अवघड मागचा मजकूर त्याच थाटात लिहिणे. पाठ कोरी सोडलेले कार्ड अपुरेच वाटते. १९५७ पासून रूढ झालेले २.५ × ३.५ इंच हे माप १९५२ च्या कार्डांना चालत नाही, ती थोडी मोठी होती. विक्री करायची तर बोधचिन्हांचे व छायाचित्रांचे हक्क आड येतात. जुने अस्सल म्हणून कोणी खपवू नये यासाठी कार्डावर निर्मितीचे खरे वर्ष छापणे आवश्यक.