वृत्तकथन, भूतकालीन (नांदेड–लातूर मराठी)

पूर्वी कोणी बोललेले, ऐकलेले किंवा मनात आलेले भूतकाळी क्रियापदाने तिसऱ्याला सांगण्याची वाक्यरीत. शालेय व्याकरणात तिचा विचार प्रधानवाक्य आणि नामवाक्य यांच्या मिश्रवाक्यात होतो. ‘त्यो येतो म्हणला’ या वाक्यात बोलणे होऊन गेले, पण ‘येतो’ वर्तमानातच राहिले. मूळ बोलण्याचा काळ न बदलणे हे मराठीत सगळीकडेच आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचे वेगळेपण दुसरीकडे शोधावे लागते : सांगितलेला मजकूर आधी ठेवून पुढे ‘म्हणून’ लावण्याचा कल, आणि ‘मी सांगितलो’, ‘आत्या सांगितली’ अशी कर्त्यामागे जाणारी क्रियापदे.

स्वरूप : प्रमाण मराठीत ‘त्याने सांगितले की, मी उद्या येतो’ असे वाक्य होईल. बोलीत तेच ‘उद्या येतो म्हणून सांगितला’ असे येते. ‘ने’ प्रत्यय गळतो, क्रियापद कर्त्याचे लिंग-वचन-पुरुष घेते आणि ‘की’ची गरज उरत नाही. ‘मामानं बोलावलंय म्हणून आत्या सांगितली’ या एकाच वाक्यात प्रमाण भावे रचना (‘मामानं बोलावलंय’) आणि बोलीतली कर्त्यामागची रचना (‘आत्या सांगितली’) शेजारी बसलेल्या दिसतात. अशी सरमिसळ रोजची आहे. ‘म्हणणे’ची ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ ही प्रमाण भाषेतली दोन रूपे येथे ‘म्हणला, म्हणली, म्हणलो, म्हणले’ या एकाच ओळीत येतात. कर्ता न घेता आलेले ‘म्हणलं’ मात्र वेगळे. ‘म्हणलं, जरा बसावं’ यात कोणी कोणाशी बोललेले नसते, बोलणाऱ्याच्या मनातला विचार तेवढा सांगितलेला असतो.

लांब हकिकतीत ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते. फोनवरचे बोलणे घरी सांगताना : ‘कुठं हायस म्हणून विचारली. स्टँडवर हाय म्हणलो. काय करायलास म्हणली. गाडीची वाट बघायलोय म्हणलो. तिथंच थांब म्हणली.’ पाच वाक्यांत दोन माणसे बोलली आणि एकाचेही सर्वनाम आले नाही; कोण बोलले ते ‘-ली’ आणि ‘-लो’ यांवरून कळते. मूळचे पुरुष, काळ, आज्ञार्थ, ‘तिथंच’सारखी स्थलवाचके जशीच्या तशी राहिली. अवतरणचिन्हे ही लिहिणाऱ्याची सोय. बोलताना त्यांचे काम आवाजाच्या चढउतारावर भागते. त्यामुळे याला प्रत्यक्ष कथन म्हणावे की अप्रत्यक्ष, हा शालेय प्रश्न या बोलीपुरता फारसा उपयोगाचा नाही.

‘म्हणून’ : मराठी व्याकरणांत ‘म्हणून, म्हणजे, की, जे’ ही स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये मानली आहेत. त्यांतील ‘म्हणून’ परिणाम आणि उद्देशही दाखवते (‘पाऊस पडावा म्हणून’), शिवाय नाव सांगतानाही येते (‘रामराव म्हणून एक पाटील होते’). वृत्तकथनात ते बोलण्याच्या क्रियापदांपुरते राहत नाही. कळणे, वाटणे, भिणे यांच्याबरोबरही चालते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेबद्दल बोलताना ‘किल्लारीला भूकंप झाला म्हणून कळालं’ असे वाक्य लातूरकडे सहज होते.

‘म्हणे’ : ऐकीव गोष्टीचा निर्देश. बातमी कोणाची, हे न सांगता ती आपली नाही एवढे सुचवते. गोदावरीला पूर आला की नांदेडात ‘विष्णुपुरीचे दरवाजे उघडले म्हणे’. 2016 च्या टंचाईत लातुरात ‘मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलंय म्हणे’.

शेजारभाषा : नांदेडचे देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके तेलंगणाला लागून आहेत, लातूरचे उदगीर, निलंगा, देवणी कर्नाटकातील बीदरला. तेलुगूत ‘वस्तानु अनि चेप्पाडु’, बोली कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिद’, दखनीत ‘आतूँ बोलके बोला’ आणि येथील मराठीत ‘येतो म्हणून सांगितला’ : चारही वाक्यांचा क्रम एकच. आधी मजकूर, मग ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून घडलेला जोडशब्द, शेवटी भूतकाळी क्रियापद. चारही ठिकाणी मजकुरातले क्रियापद मूळ बोलणाऱ्याच्याच तोंडचे राहते. उत्तरेकडच्या हिंदी-उर्दूत मजकुरापूर्वी ‘कि’ येतो. त्याच कुळातल्या दखनीने मात्र ‘बोलके’ मागे लावला, हा या प्रदेशातल्या भाषासंपर्काचा सर्वांत बोलका पुरावा म्हणावा लागेल. सुब्बाराव आणि अरोरा यांनी 1988 मध्ये दखनीची अशीच लक्षणे टोकाच्या समरूपतेचे उदाहरण म्हणून मांडली. मराठीच्या दक्षिण सीमेवरील या प्रकारचा प्रसिद्ध अभ्यास मात्र सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा (गम्पर्झ आणि विल्सन, 1971). मराठवाड्याबद्दल बोलतानाही अभ्यासक बहुधा त्याचाच आधार घेतात.

‘म्हणून’ची ही योजना द्राविडी भाषांकडून आली की संस्कृत ‘इति’च्या परंपरेतून, यावर मतभेद आहेत. साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मराठीच्या घडणीतच द्राविडी थर मानला. तो सर्वांना मान्य नाही. ‘मी सांगितलो’ या प्रयोगाबद्दल संपर्काचे कारण अधिक सरळ वाटते, कारण तेलुगू-कन्नडमध्ये कर्त्याला ‘ने’सारखा प्रत्यय लागतच नाही.

इतिहास : म्हाइंभटांचे लीळाचरित्र (सुमारे 1278) हे जवळजवळ सबंध वृत्तकथनच आहे : चक्रधरस्वामी काय बोलले, भक्तांनी काय विचारले, हे प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांकडून गोळा केलेले. ज्ञानेश्वरीत (1290) ‘म्हणौनि’ हे रूप वारंवार येते, मुख्यतः ‘त्या कारणाने’ या अर्थी. ‘की’ फारसीतून आला असे सामान्यतः मानतात.

नोंदी : दादोबा पांडुरंग (1836) आणि मोरो केशव दामले (1911) यांची व्याकरणे लेखी मराठीवर उभी आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीत प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरित करून घेतली. बाप-लेकांच्या बोलण्याने ती भरलेली असल्याने वृत्तकथनासाठी याहून चांगला नमुना मिळणे कठीण. परंतु हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले आणि नांदेड, उदगीर, निलंगा तेव्हा निजामाकडे होते. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाने ध्वनिमुद्रणे केली.

इंग्रजीशी तुलना : इंग्रजीत सांगण्याचे क्रियापद भूतकाळी झाले की आतल्या वाक्याचाही काळ मागे सरकतो : ‘ही सेड ही वॉज कमिंग’. गोष्ट अजून खरी असेल तर काळ न सरकवण्याची मुभा आहे, पण रोजच्या बोलण्यात सरकवणेच अंगवळणी पडलेले. समोर उभ्या असलेल्या माणसालाही ‘आय डिडन्ट नो यू वर हिअर’ म्हणतात. तो तिथे अजून आहेच, ‘वर’ फक्त ‘डिडन्ट’च्या ओढीने आले. ‘आय थॉट यू वर इन पुणे’ हेही तसेच. मराठीत ‘तू पुण्यात हायस म्हणून वाटलं’ एवढे पुरते. इंग्रजीत नाव पुन्हा विचारताना ‘व्हॉट वॉज युवर नेम?’ म्हणण्याची सभ्य रीत आहे. मराठी माणूस तेथे भूतकाळ नावाला न लावता बोलण्याला लावतो : ‘नाव काय म्हणलात?’

शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ हा धडा काळ, सर्वनाम आणि ‘टुडे’चे ‘दॅट डे’ अशा बदलांच्या तक्त्याने पाठ करून घेतात. तक्त्याने गुण मिळतात, बोलण्याची सवय बदलत नाही. ‘येतो म्हणून सांगितला’ हे डोक्यात असलेला विद्यार्थी ‘ही टोल्ड मी दॅट आय ॲम कमिंग’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की येणार आहे तो विद्यार्थीच. काळाच्या चुकीने अर्थ सहसा बिघडत नाही, सर्वनामाच्या चुकीने बिघडतो. तरी शिकवण्यात भर काळावरच असतो.

लेखी व्यवहार : पोलीस जबाब व अर्जांत ‘की’ आणि ‘असे सांगितले’ हीच वळणे.

पहा : उभयान्वयी अव्यय, दखनी, प्रयोग.